न निघणारा डिटेक्टर

गाडीत रडार डिटेक्टर बसवायचा असेल तर पहिली अट अशी, की ही गोष्ट डेल्बर्ट क्लाइनच्या कानावर जाता कामा नये. मी ती अट पाळू शकलो नाही. डेल्बर्ट माझा सख्खा शेजारी, ट्रॅक्टरच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, आणि त्याचं गॅरेज माझ्या गॅरेजच्या बरोबर समोर. आमच्या ओहायोत माणूस गॅरेजचं दार उघडं टाकून हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन उभा राहिला, की ते गावजेवणाचं आमंत्रण समजतात. लोक येतात, खुर्ची उघडतात आणि सल्ला द्यायला बसतात.

पण आधी मला डिटेक्टर का लागला ते सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी कोणी वेगाने झपाटलेला इसम आहे. मी हायस्कुलात भूमिती शिकवतो आणि शाळा सुटल्यावर पोरांना गाडी चालवायला शिकवतो. सरकारमान्य शिक्षक. आता माझं घर आणि शाळा यांच्या मध्ये बर्डसॉल नावाचं एक खेडं आहे. त्यात एक पेट्रोलपंप, एक चर्च आणि एक पोलीस. त्या खेड्यापर्यंत वेगाची मर्यादा ताशी पंचावन्न मैल. मग एक वळण, वळणावर चर्चचा भला मोठा फलक, आणि फलक ओलांडला की एकदम पंचवीस. फलकाच्या मागे ड्वेन टटल. ड्वेन म्हणजेच बर्डसॉलचं पोलीस खातं. फलकावर दर आठवड्याला नवं वचन लावलेलं असतं आणि ते वाचण्यात माणूस गुंतला की ब्रेकवर पाय जायला उशीर होतो. अशा रीतीने देवाचं वचन वाचताना मला दोनदा दंड झाला. दोन्ही वेळा ताशी एक्केचाळीस.

दंडाच्या दुसऱ्या चिठ्ठीनंतर प्रिन्सिपॉल बाईंनी मला खोलीत बोलावलं.

"वॉरन, आणखी एक चिठ्ठी आली की तुझं लायसन्स सहा महिने जप्त. बरोबर?"

"बरोबर."

"मग लायसन्स नसलेला ड्रायव्हिंगचा मास्तर मी कुठे ठेवू? ट्रॉफीच्या कपाटात?"

नुसत्या भूमितीवर आमच्या शाळेत कोणाला पूर्ण पगार मिळत नाही. शिवाय ज्या पोरांना मी 'आरसा, इशारा, मग वळण' शिकवलं, त्यांच्यासमोर बायकोच्या गाडीतून शाळेच्या दारात उतरायचं, ही कल्पनाच मला सहन होईना. म्हणजे नोकरीही जाणार होती आणि अब्रूही.

"हळू चालव," लोर्ना म्हणाली. लोर्ना माझी बायको. ती दवाखान्यात हिशेब बघते, आणि जगातल्या बहुतेक प्रश्नांना तिच्याकडे दोन शब्दांचं उत्तर तयार असतं.

ज्या उपायाला विकत काही आणावं लागत नाही, तो मला आजवर पटलेला नाही. मी डिटेक्टर आणला.

पत्त्यांच्या कॅटाएवढा काळा डबा. पोलिसांनी रडार रोखलं की तो आधीच किंचाळतो. आमच्या राज्यात खासगी गाडीत तो ठेवायला कायद्याची हरकत नाही, हे मी लोर्नाला तीनतीनदा सांगितलं. सोबतच्या पुस्तिकेत लिहिलं होतं: डब्याला समोरचा रस्ता स्वच्छ दिसला पाहिजे, तो सपाट बसला पाहिजे, काचेच्या वरच्या काळसर पट्टीमागे लपता कामा नये, वायपरच्या आड येता कामा नये, आणि घट्ट बसला पाहिजे. एखाद्या आदर्श जावयाकडूनही लोक इतक्या अपेक्षा ठेवत नाहीत.

काचेला चिकटवायला दोन रबरी वाट्या दिल्या होत्या. मी त्या पाण्याने ओल्या करून दाबत होतो, तेवढ्यात डेल्बर्ट आपली खुर्ची घेऊन आला.

"मास्तर, पाण्यानं नाही व्हायचं. चाट."

"काय चाटू?"

"रबर. थुंकीसारखा गोंद अजून कोणत्याही कंपनीला जमलेला नाही. माझ्या आजोबांनी अख्खा आरसा थुंकीवर लावला होता."

"मग?"

"मग काय? पडला. पण बावीस वर्षांनी."

मी सुशिक्षित माणूस आहे. मी नकार दिला. पहिल्याच वळणावर डबा सुटला आणि माझ्या कॉफीत पडला. दुसऱ्या दिवशी आजूबाजूला कोणी नाही असं पाहून मी रबर चाटलं. थुंकी दुपारपर्यंत टिकली. मग ऊन चढलं, रबर मऊ झालं, आणि मी विद्यार्थ्याला समांतर पार्किंग शिकवत असताना डबा त्याच्या मांडीवर कोसळला. त्याने घाबरून गाडी टपालपेटीवर घातली. टपालपेटी पडली नाही, जरा वाकली. ती अजूनही लवून नमस्कार करते.

तिसरा प्रयोग डोक्यावरच्या, ऊन अडवायच्या झडपेला लावण्याचा. क्लिप उत्तम बसली, पण ऊन आलं म्हणून झडप खाली केली की डब्याचं तोंड आभाळाकडे. त्या आठवड्यात विमानांपासून मी पूर्ण सुरक्षित होतो. मग लोर्नाच्या स्वयंपाकघरातल्या खणातली न घसरणारी रबरी जाळी कापून ती डॅशबोर्डवर अंथरली. जाळी खरंच घसरत नाही. तिच्यावरचा डबा घसरतो.

पाचव्या वेळी डेल्बर्टने आरशाच्या दांडीला टांगायचा लोखंडी तुकडा स्वतः ठोकून आणला. काम मजबूत होतं. फक्त आरशाला त्याचं वजन पेलवलं नाही, तो खाली झुकला आणि मला मागचा रस्ता दिसायचा तिथे माझेच गुडघे दिसू लागले. शिवाय डबा नेमका काळ्या पट्टीमागे गेला. त्यामुळे ड्वेनसमोरून जाताना तो साफ झोपलेला, आणि सुपरमार्केटसमोर उभा केला की जागा. त्या दुकानाची आपोआप उघडणारी दारं रडारवरच चालतात. कोणी कलिंगड घेऊन बाहेर आलं, की माझी गाडी बोंब मारायची. म्हाताऱ्या बायका हात वर करून उभ्या राहायला लागल्या.

"छान," लोर्ना म्हणाली. "म्हणजे आता आपल्याला कलिंगडाचा दंड व्हायचा नाही."

टोमणे मारायचा तिचा हक्क मी मान्य करतो. पण माणसाचा स्वाभिमान असा असतो, की त्याने एकदा ड्रिल हातात धरलं की तो मागे फिरत नाही.

त्यानंतर जे झालं ते मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. बर्डसॉलच्या चर्चमध्ये महिन्यातून एका रविवारी सगळे घरून एकेक पदार्थ आणतात. लोर्नाचा पदार्थ ठरलेला: उकडून अर्धी कापलेली अंडी, पिवळा बलक मोहरीच्या चटणीत कालवून परत त्यात भरलेला, वर पेप्रिकाची लाल भुकटी. त्यासाठी काचेचं खास ताट असतं, प्रत्येक अंड्याला स्वतंत्र खळगा असलेलं. लोर्नाचं ताट तिच्या आईचं होतं. जेवणानंतर ताटांची अदलाबदल होऊ नये म्हणून आमच्याकडे बायका ताटाखाली चिकटपट्टी लावून तिच्यावर नाव लिहितात. त्या ताटाखाली अजून तिच्या आईच्या हातचं नाव होतं: एथलीन. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण लोर्नाने ती पट्टी कधी भिजू दिली नव्हती.

मी थुंकी आणि व्हिनेगर असा संयुक्त प्रयोग करून डबा पुन्हा काचेवर लावला होता. त्या रविवारी चर्चला जाताना रेल्वेच्या फाटकावर गाडी उडाली, डबा सुटला आणि सरळ लोर्नाच्या मांडीवरच्या ताटात पडला. ताटाचे दोन तुकडे झाले. एका तुकड्यावर 'एथ' आणि दुसऱ्यावर 'लीन'.

लोर्ना रागावली की बोलते. फार रागावली की बोलत नाही. त्या दिवशी ती घरी येईपर्यंत एक गाणं गुणगुणत होती. मी इतका कधीच घाबरलो नव्हतो. तिने ते दोन तुकडे टॉवेलात गुंडाळून कपाटात वरती ठेवले, आणि मला एवढंच म्हणाली, "काच होती, वॉरन. फुटायचीच." त्यापेक्षा तिने मला डबा फेकून मारला असता तर बरं वाटलं असतं.

आता डबा फेकून द्यायचा, नाहीतर पुन्हा कधी पडणार नाही असा बसवायचा. मी डेल्बर्टच्या दारात गेलो.

"डेल्बर्ट, तो पुन्हा पडता कामा नये."

"कधीच?"

"कधीच."

डेल्बर्टने टोपी काढली. हा माणूस राष्ट्रगीताला आणि गोंदाला टोपी काढतो. फळीवरून त्याने दोन नळ्या उतरवल्या. "या नळीतला आणि या नळीतला एकत्र केला, की पोलाद होतं. हे एकदा बसलं की मग देवानंच काढायचं."

त्या शनिवारी मी आयुष्यात पहिल्यांदा भूमिती खऱ्या कामाला लावली. कोनमापकाने काचेचा उतार मोजला, पाणसळ लावून डॅशबोर्डची पातळी पाहिली, वायपर थांबतात ती रेघ खडूने आखली. काळ्या पट्टीच्या खाली आणि वायपरच्या वर, मधोमध, एकच जागा उरली. त्या जागेमागे डॅशबोर्डवर लोखंडी पट्टी उभी केली, तिच्यावर डबा. वायर मी काचेच्या कडेच्या रबराखालून फिरवून फ्यूजच्या पेटीपर्यंत नेली. डेल्बर्टने गोंद कालवला आणि मी लोर्नाचे भांडी घासायचे पिवळे हातमोजे घालून पट्टी दाबून धरली. गोंद सुकल्यावर माझा हात सुटला, हातमोजाही सुटला, फक्त त्याचं एक पिवळं बोट तिथेच राहिलं. ते आजही आहे.

पुढच्या महिन्याचा तो रविवार आला. लोर्नाने अंडी केली, पण ताट आता साधं, सपाट. भरलेली अंडी सपाट ताटात ठेवणं म्हणजे काय, हे ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल. जरा वळण घेतलं की सगळी अंडी एका बाजूला निघतात. मी वीसच्या पुढे गेलोच नाही. मागे गाड्यांची रांग लागली. एका शेतकऱ्याने मला ट्रॅक्टर घेऊन मागे टाकलं आणि जाताना टोपी उडवली. डबा शांत होता. बर्डसॉलचं वळण आलं, फलकावरचं वचन मी अथपासून इतिपर्यंत दोनदा वाचलं, तरी डबा शांत. आणि मागे निळे दिवे लागले.

ड्वेन खिडकीशी आला. "एक्केचाळीस, वॉरन."

"ड्वेन, मी वीसने येत होतो!"

"तू नेहमी एक्केचाळीसनेच येतोस."

लोर्ना पुढे वाकली. "ड्वेन, माझ्या मांडीवर काय आहे बघ."

"अंडी आहेत, मॅडम."

"कशात आहेत?"

"ताटात. मस्त दिसतायत."

त्याने चिठ्ठी फाडली ती फाडलीच. लोर्नाने मात्र त्या क्षणी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आपण लढायचं." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. डिटेक्टर आणल्यापासून तिने 'आपण' हा शब्द पहिल्यांदा वापरला होता.

बर्डसॉलसारख्या खेड्यात खटला महापौरासमोर चालतो. महापौर होत्या व्हर्ना शूमेकर, केस कापायचं दुकान चालवणाऱ्या, आणि त्यांचं न्यायालय गुरुवारी संध्याकाळी चर्चशेजारच्या अग्निशमन बंबाच्या शेडमध्ये भरायचं. बंब त्या वेळेपुरता बाहेर काढत. मी आदल्या दिवशी कारकून मार्सेलाबाईंकडे गेलो.

"माझा पुरावा म्हणजे डिटेक्टर आहे. तो त्या दिवशी वाजला नाही. म्हणजे ड्वेनने रडार लावलंच नव्हतं."

"पुरावा टेबलावर ठेवावा लागतो," मार्सेलाबाई म्हणाल्या.

"तो गाडीतून निघत नाही."

"मग तो पुरावा नाही. गाडीचा भाग आहे."

त्या संध्याकाळी डेल्बर्टने पहार आणली. त्याने जोर लावला, मी जोर लावला. डबा हलला नाही, पण डॅशबोर्ड वर यायला लागला आणि कुठेतरी हॉर्न आपोआप वाजू लागला. डेल्बर्ट घाम पुसत म्हणाला, "बघ मास्तर, काय काम आहे!" माझी नोकरी जायची वेळ आली होती आणि हा गृहस्थ स्वतःच्या गोंदावर खूष होता.

गुरुवारी शेड भरली होती. ड्वेनच्या चिठ्ठ्या मिळालेलं अर्धं गाव आलं होतं, उरलेलं अर्धं मजा बघायला. मी उभा राहून माझी अडचण सांगितली. मार्सेलाबाईंनी लगेच नियम सांगितला. महापौर बाईंनी दोघांकडे पाहिलं, चष्मा केसांत खोचला आणि म्हणाल्या, "पुरावा टेबलापाशी येत नसेल तर टेबल पुराव्यापाशी न्या."

डेल्बर्टने आणि मी टेबल उचलून बाहेर नेलं आणि गाडीच्या नाकाला टेकवलं. मार्सेलाबाईंनी वाकून बघितलं आणि "चालेल," म्हणाल्या. महापौर बाई माझ्या शेजारच्या सीटवर बसल्या. सगळं न्यायालय काचेला नाक लावून उभं राहिलं.

"हे पिवळं काय आहे?"

"हातमोज्याचं बोट, मॅडम."

"कोणाचं?"

"माझं," लोर्ना बाहेरून म्हणाली.

"बरं. ड्वेन, तुझं रडार घे, फलकामागे जा आणि या गाडीवर रोख. हा डबा वाजतो का ते बघू."

ड्वेन हलला नाही.

"ड्वेन?"

"रडार इथं नाहीये, मॅडम."

"मग कुठंय?"

ड्वेनने बुटाकडे बघितलं. "बेसबॉलच्या मैदानावर. आपल्या पोरांचा चेंडू किती वेगानं जातो ते मोजायला. मोसम सुरू झाल्यापासून तिथंच आहे."

महापौर बाई सीटवर ताठ झाल्या.

"म्हणजे त्या रविवारी रडार तुझ्याकडे नव्हतं?"

"पण माझी नजर आहे ना! एकोणीस वर्षांची नजर! आणि वॉरन नेहमी एक्केचाळीसनेच—"

"नजरेवर दंड होत नाही, ड्वेन. आणि नजरेचंच म्हणशील तर मी पण त्या रविवारी जेवायला होते." महापौर बाईंनी काच खाली केली. "लोर्ना, ती अंडी तू या गाडीतून आणलीस?"

"हो."

"तुझ्या आईच्या ताटात?"

"नाही. ते फुटलं." लोर्नाने माझ्याकडे बघितलं नाही. "सपाट ताटात."

गर्दीतल्या बायकांनी एकदम श्वास आत ओढला.

"मी स्वतः चार खाल्ली," महापौर बाई म्हणाल्या. "एकही कलंडलेलं नव्हतं. पेप्रिकासुद्धा जागच्या जागी. ड्वेन, सपाट ताटात भरलेली अंडी मांडीवर घेऊन तू एक्केचाळीसने ते वळण घेऊन दाखव, मी आज ही खुर्ची सोडते."

अंड्यांपुढे ड्वेनची एकोणीस वर्षांची नजर खाली गेली.

"खटला रद्द. आता ते रडार घेऊन ये. डबा चालतो का नाही, ते मला बघायचंच आहे."

ड्वेन गेला, रडार घेऊन आला, फलकामागे उभा राहिला. त्याने रोखलं मात्र, आणि माझा डबा असा किंचाळला, की महापौर बाईंचा चष्मा केसांतून खाली पडला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. कोणीतरी बंबाची घंटा वाजवली. डेल्बर्ट टोपी काढून गाडीसमोर उभा होता. टाळ्या डब्याला होत्या की गोंदाला, हा प्रश्न त्याच्या मनात कधी आलाच नाही. माझ्याही मनात फार काही आलं नाही. मी नुसता गाडीत बसून राहिलो होतो, छाती फुगवून. माझं लायसन्स खिशात होतं आणि ते खिशातच राहणार होतं. दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपॉल बाईंनी शाळेच्या ध्वनिक्षेपकावरून माझं नाव घेतलं, आणि माझ्या ड्रायव्हिंगच्या वर्गात आरशाआधी अंडी शिकवावीत अशी सूचना केली. पोरांनी ती मनावर घेतली आहे.

चर्चच्या पुढच्या जेवणाच्या आदल्या संध्याकाळी डेल्बर्ट टॉवेलात काहीतरी गुंडाळून आला. लोर्नाने कपाटातून ते तुकडे कधी काढून त्याला दिले, मला माहीत नाही. ताट अखंड होतं. मधोमध केसाएवढी रेघ होती, आणि खाली पट्टीवर 'एथलीन' पुन्हा एका ओळीत आलं होतं.

"नळ्यांत थोडा उरला होता," डेल्बर्ट म्हणाला. "हे आता तुमच्या नातवंडांनाही फोडता यायचं नाही."

लोर्ना ताट उलटं धरून बराच वेळ ती पट्टी वाचत राहिली. मग तिने त्या पट्टीवरून अंगठा फिरवला आणि मला म्हणाली, "अंडी उकडायला ठेव."

दुसऱ्या दिवशी प्रत्येक अंडं आपापल्या खळग्यात बसलं होतं. बर्डसॉलचं वळण आलं. डबा किंचाळला, म्हणजे रडार मैदानावरून परत कामावर आलं होतं. मी काटा बघितला: वीस. मी ड्वेनला हात केला. त्यानेही केला, जरा नाइलाजाने. मागे ट्रॅक्टर हॉर्न वाजवत होता. लोर्नाने एकदा ताटाकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे, आणि मग माझ्याकडे.

"वॉरन," ती म्हणाली, "जरा दाब की. लोक जेवून उठतील."